छोट्या कॉलेजातून अणू, हायड्रोजन, आयसोटोपवर रिसर्च पार्टनरशिप जमते का?

प्रश्न असा आलाय: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, एमएस्सीची मुलं-मुली आहेत, लॅब साधी आहे. बीएआरसी (ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र) किंवा अणुऊर्जा खात्याच्या एखाद्या संस्थेबरोबर काम करायचंय, हायड्रोजन चालेल, आयसोटोपही चालेल. प्राचार्य म्हणतात आधी एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, करून घ्या. तो कसा करायचा, आमच्यासारख्यांना तिथे कुणी उभं करतं का, आणि पालक रेडिएशनला घाबरतात त्यांना काय सांगायचं?

मॅडम, उभं करतात, अगदी नक्की करतात. मी ट्रॉम्बेला तीस वर्षं रेडिओकेमिस्ट्रीत काढली, त्यातली बरीचशी आयसोटोपच्या बाजूला, आणि कॉलेजं, विद्यापीठं, हॉस्पिटलं सगळ्यांबरोबर काम करून झालंय, त्यामुळे जरा सविस्तरच सांगतो.

पहिलं म्हणजे एमओयू सध्या बाजूला ठेवा. सही झाली, फोटो निघाला, फाईल कपाटात गेली आणि पुढची तीन वर्षं दोन्हीकडून एक फोनसुद्धा झाला नाही, असे एमओयू मी खूप पाहिलेत. आणि कसलाही करार नसताना इकडचा एक माणूस आणि तिकडचा एक माणूस एका प्रश्नामागे लागले आणि त्यातून पंधरा वर्षं टिकलेलं काम उभं राहिलं, हेही पाहिलंय. कागद लागतो, पण तो नंतर लागतो. आधी लागते ती एक नेमकी अडचण, जी त्यांना एकट्याने सुटत नाही आणि तुम्हालाही एकट्याने सुटत नाही.

तुम्हाला सगळ्यात जवळचं उदाहरण देतो, शेतीतलं. भुईमुगाचं टीएजी-२४ हे वाण माहीत असेल, शेतकरी त्याला सरळ टॅग चोवीस म्हणतात. त्यातला टी ट्रॉम्बेचा, ए अकोल्याचा आणि जी ग्राउंडनटचा. उडदाचं टीएयू-१ पण तसंच, ट्रॉम्बे आणि अकोला. म्हणजे पार्टनरशिप थेट वाणाच्या नावातच बसलीय. ट्रॉम्बेकडे किरणं होती, बियाण्यात म्युटेशन, म्हणजे आनुवंशिक बदल, घडवायची विद्या होती, पण एकरांनी जमीन नव्हती आणि विदर्भातला पाऊस तर नव्हताच. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे जमीन होती, ठिकठिकाणची केंद्रं होती, आणि बांधावर उभं राहून हे झाड माझ्या शेतकऱ्याला चालेल की नाही हे सांगणारी माणसं होती. बियाण्याला गॅमा किरण द्यायला फार तर काही मिनिटं लागतात हो, पण त्यानंतर पिढ्यांमागून पिढ्या लावायच्या, निवडायच्या, पुन्हा लावायच्या, यात वर्षं जातात आणि ती वर्षं शेतात उभ्या असलेल्या माणसाची असतात. टीएजी-२४ हे १९९१ मध्ये प्रसारित झालं, बुटकं आणि लवकर तयार होणारं, आणि पुढच्या कितीतरी वाणांचं ते आईबाप झालं.

म्हणून तुम्ही स्वतःला आधी हे विचारा की आपल्याकडे असं काय आहे जे ट्रॉम्बेकडे नाही. उत्तर बहुतेक वेळा यंत्र नसतंच. तुमच्याकडे ऑरगॅनिक सिंथेसिसचा हात आहे का, चार मुलं दोन वर्षं एकाच रेणूमागे लागू शकतात का, आजूबाजूला साखर कारखाने आहेत तर बगॅसपासून कार्बन करणारं कुणी आहे का? मोठ्या संस्थेत यंत्रं असतात पण एका प्रश्नावर दोन वर्षं न हलता बसायला माणूस मिळत नाही, हे बाहेरून कळत नाही.

आता आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे अणू, आणि आमच्या कामातले बहुतेक किरणोत्सारी, किरणं टाकत आपोआप बदलत जाणारे. इथे एक गोष्ट मनात पक्की बसवा ती म्हणजे अर्धआयुष्य, निम्मा माल आपोआप संपायला लागणारा वेळ. बाकीच्या केमिस्ट्रीत सॅम्पल फ्रीजमध्ये ठेवून दिवाळीची सुट्टी करून येता येतं. इथे नाही येत. टेक्नेशियम-९९एमचं अर्धआयुष्य ६ तास, ते ज्याच्यापासून मिळतं त्या मॉलिब्डेनम-९९ चं ६६ तास, आयोडीन-१३१ चं ८ दिवस, पेट स्कॅनच्या फ्लोरीन-१८ चं तर ११० मिनिटं. त्यामुळे या क्षेत्रातली कुठलीही पार्टनरशिप ही रिअ‍ॅक्टरपासून पेशंटच्या शिरेपर्यंतची साखळी असते आणि त्यातली एक कडी उशिरा आली तर उरलेल्या सगळ्यांची मेहनत फुकट जाते.

ल्युटेशियम-१७७ चं जवळून सांगतो. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरवर आता हे भरपूर वापरलं जातं. समृद्ध केलेलं ल्युटेशियम-१७६ ऑक्साइडच्या रूपात, चिमटीतसुद्धा येणार नाही इतकं थोडं, क्वार्ट्झच्या बारीक अँप्युलमध्ये सील करायचं, ती अँप्युल अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये घालायची आणि ध्रुव रिअ‍ॅक्टरमध्ये दोन-तीन आठवडे न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवायची. बाहेर आली की शिशाच्या भिंतीआड मॅनिप्युलेटरने, म्हणजे दुरून चालवायच्या यांत्रिक हाताने, अँप्युल फोडायची, सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचं, मोजायचं, छोट्या व्हायलमध्ये भरायचं, व्हायल शिशाच्या डब्यात, त्यावर तारीख आणि वेळ. वेळ लिहिणं महत्त्वाचं, कारण अर्धआयुष्य ६.६५ दिवस म्हणजे दर दिवसाला साधारण १० टक्के माल आपोआप कमी होतो. हॉस्पिटलात सोमवारी पेशंट बोलावलाय आणि विमान चुकून डबा बुधवारी पोचला तर पाचवा हिस्सा वाटेतच संपलेला असतो, आणि तो पेशंट कदाचित बीडहून की लातूरहून रात्रभर प्रवास करून आलेला असतो. हे डोळ्यासमोर ठेवूनच आमच्याकडे लोक पहाटे कामाला लागायचे.

यात कॉलेजची जागा कुठे? नुसतं ल्युटेशियम शरीरात सोडून चालत नाही, त्याला ट्यूमरपर्यंत नेणारा रेणू हवा, आणि त्या रेणूला एक पिंजरा लागतो ज्यात ल्युटेशियमचा आयन घट्ट बसतो, डोटा म्हणतात त्याला. हे रेणू तयार करणं म्हणजे साधी ऑरगॅनिक केमिस्ट्री, त्यात रेडिएशनचा संबंध शून्य. आमच्या भाषेत याला कोल्ड काम म्हणतात. कॉलेजने कोल्ड काम करायचं, हॉट काम, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ हाताळायचं, ट्रॉम्बेला व्हायचं.

अशाच एका कॉलेजबरोबरचा प्रसंग आहे, नाव घेत नाही. त्यांनी केलेला लिगंड, म्हणजे तो पिंजऱ्यासकटचा रेणू, फार छान होता, पाण्याच्या बाथमध्ये ९० अंशाला अर्धा तास ठेवला की ९८ टक्के लेबलिंग मिळायचं, म्हणजे तेवढं ल्युटेशियम पिंजऱ्यात बसायचं. आणि अचानक एका महिन्यात आकडा घसरला, सत्तर, पासष्ट, पुन्हा सत्तर. चार बॅच वाया गेल्या. आम्ही म्हणू लिगंड खराब आलाय, ते म्हणणार तुमचं ल्युटेशियम बरोबर नाही, आवाज जरा चढायला लागले होते. शेवटी त्यांची एक पीएचडी करणारी मुलगी स्वतःची लॅबची वही घेऊन ट्रॉम्बेला आली आणि पान उघडून समोर ठेवलं. तारखेसकट लिहिलं होतं की प्लास्टिकचा स्पॅच्युला मोडला म्हणून स्टीलचा वापरला. बास, तेवढंच होतं. इथे ल्युटेशियम इतकं थोडं असतं की स्टीलला लागून आलेलं लोखंड, साध्या पाण्यातलं झिंक, कॅल्शियम हे सगळे तोच पिंजरा बळकावून बसतात, मग ल्युटेशियमला जागाच उरत नाही. प्लास्टिकचा स्पॅच्युला आणि अतिशुद्ध पाणी वापरल्यावर पुढच्याच बॅचला आकडा परत ९८. त्या मुलीने ती ओळ लिहिली नसती तर ते काम तिथेच बंद पडलं असतं आणि दोघांनी आयुष्यभर एकमेकांना दोष दिला असता. तुमच्या मुलांना पहिल्या दिवसापासून हे शिकवा, मोडलेला चमचासुद्धा वहीत यायला पाहिजे.

हॉस्पिटलच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, टाटा मेमोरियल अणुऊर्जा खात्याकडे आलं १९६२ मध्ये, वाशीला ब्रिट (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) आहे जिथून आयसोटोप देशभर जातात. म्हणजे रिअ‍ॅक्टर, केमिस्ट आणि डॉक्टर एका शहरात, फार तर एक खाडी ओलांडायची. माझ्या मते मुंबईची ही सगळ्यात मोठी ताकद आहे आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी तिचा फायदा जितका घ्यायला हवा तितका घेतलेलाच नाही.

आता हायड्रोजन. लोकांना वाटतं अणू वेगळा आणि हायड्रोजन वेगळा, पण या दोघांची सगळ्यात जुनी गाठ आपल्या रायगड जिल्ह्यात आहे, अलिबागजवळ थळला. आरसीएफचा (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा) खत कारखाना आणि त्याला लागून जड पाण्याचा प्रकल्प, जड पाणी म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी. निसर्गातल्या हायड्रोजनमध्ये साधारण साडेसहा-सात हजार अणूंमागे एक अणू ड्युटेरियमचा, म्हणजे दुप्पट वजनाच्या हायड्रोजनचा, असतो, आणि आपल्या दाबित जड पाण्याच्या रिअ‍ॅक्टरांना तो वेचून हवा. वेचायचा तर ढीगभर हायड्रोजन पाहिजे, आणि तो ज्यांच्याकडे रोज असतो ते म्हणजे अमोनिया करणारे खतवाले. मग थळला काय होतं, खत कारखान्याचा हायड्रोजन-नायट्रोजनचा वायू जड पाण्याच्या प्रकल्पात येतो, तिथे उंच टॉवरमध्ये द्रव अमोनियाशी त्याची गाठ पडते, पोटॅशियम अमाइड उत्प्रेरक म्हणून असतं, ड्युटेरियम वायूतून अमोनियात उतरतं आणि वायू पुन्हा खत कारखान्याकडे परत. खतवाल्यांचं काही जात नाही आणि देशाला जड पाणी मिळतं. पण पोटॅशियम अमाइडला पाण्याचा अंश किंवा ऑक्सिजन अजिबात सहन होत नाही, म्हणजे शेजाऱ्याने पाठवलेला वायू कायम स्वच्छ करूनच आत घ्यावा लागतो, आणि खत कारखाना बंद पडला की आपलाही प्रकल्प थांबलाच. बडोद्याच्या जड पाण्याच्या प्रकल्पाला नंतर पाणी-अमोनिया पद्धतीचा पुढचा टप्पा जोडला तो याच परावलंबनातून सुटायला. पार्टनरशिप म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी थळचं नाव घेतो, शेजाऱ्याची शटडाऊनची तारीख आपल्याही कॅलेंडरवर लिहायची.

ड्युटेरियमला आता अणुभट्टीबाहेरही मागणी आहे, एनएमआरचे (रेणूतले हायड्रोजन ओळखायच्या तंत्राचे) सॉल्व्हंट तर तुम्ही वापरताच, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत ड्युटेट्राबेनाझिन या ड्युटेरियम घातलेल्या औषधाला पहिल्यांदा मान्यता मिळाली. कार्बन-हायड्रोजनच्या जागी कार्बन-ड्युटेरियम बंध घातला की तो जास्त चिवट असतो, शरीर औषध सावकाश मोडतं. एमएस्सीच्या लॅबमध्ये ड्युटेरियमची अदलाबदल करून बघणं, एनएमआरवर सिग्नल नाहीसा झालेला दाखवणं, हे अगदी तुमच्या आवाक्यातलं आहे आणि ड्युटेरियम किरणोत्सारी नाही, त्यामुळे किरणोत्सर्गाची भानगड येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर इथूनच सुरुवात केली असती.

ग्रीन हायड्रोजनवर सध्या सगळ्यांच्या उड्या पडतायत, राष्ट्रीय मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींची मंजुरी मिळाली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे, साहजिकच प्रत्येक कॉलेजला विजेने पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोलायझरच्या उत्प्रेरकावर पेपर काढायचाय. त्या गर्दीत जाऊ नका असं मी स्पष्ट सांगतो. त्यापेक्षा अणुऊर्जेच्या उष्णतेवर पाणी फोडायच्या रासायनिक चक्रांकडे बघा. आयोडीन-सल्फर चक्राला ८५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, कॉपर-क्लोरीन चक्राला ५०० ते ५५० पुरतं, म्हणून दुसऱ्यात जास्त जीव आहे असं मला वाटतं. बीएआरसीने दोन्हींवर काम केलंय, माटुंग्याच्या आयसीटीने (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीने) ओएनजीसी एनर्जी सेंटरबरोबर कॉपर-क्लोरीनचं बंद चक्र चालवून दाखवलंय, कॅनडातही यावर बरंच काम झालंय. पण अडचणी बघा कशा आहेत: गरम क्लोराइडमध्ये कुठला धातू टिकतो, इलेक्ट्रोलिसिसच्या पडद्यातून तांबं पलीकडे झिरपतं ते कसं थांबवायचं. हे चकचकीत विषय नाहीत, गंज मोजत बसायचं काम आहे, महिनोन्महिने तेच ते कूपन, म्हणजे धातूचा छोटा तुकडा, भट्टीत घालायचं, काढायचं, वजन करायचं. नेमकं हेच मोठ्या संस्थेत करायला माणूस नसतो आणि तुमच्याकडे एक भट्टी, एक चांगला वजनकाटा आणि चिकाटीची दोन मुलं असली तर होतं.

कॅनडाचा विषय निघालाच आहे तर देशादेशांमधल्या पार्टनरशिपबद्दल एक सांगावंसं वाटतं. ट्रॉम्बेचा सायरस रिअ‍ॅक्टर, ४० मेगावॅटचा, १९६० मध्ये चालू झाला तो कॅनडाच्या मदतीने, सुरुवातीचं जड पाणी अमेरिकेचं. १९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला, राजस्थानच्या रावतभाट्यातलं दुसरं युनिट अर्धवट होतं, ते आपल्या लोकांनी पुरं केलं, आणि सायरस २०१० च्या अखेरपर्यंत चालला, हजारो आयसोटोपच्या कुप्या त्याने दिल्या. करार मोडला पण जे शिकून आले होते ती माणसं इथेच होती. आणि उलट बाजूही बघा, मे २००९ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरचा एनआरयू रिअ‍ॅक्टर गळतीमुळे बंद पडला तो ऑगस्ट २०१० पर्यंत, जगभर मॉलिब्डेनम-९९ चा तुटवडा झाला, हॉस्पिटलांत स्कॅनच्या तारखा पुढे गेल्या. एका पन्नाशी उलटलेल्या रिअ‍ॅक्टरवर एवढी दुनिया टेकली होती. मुंबईत फिशन मॉलिब्डेनमची, म्हणजे युरेनियमच्या विखंडनातून मॉलिब्डेनम-९९ काढायची, सोय २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली तेव्हा आमच्या पिढीच्या लोकांना किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

बरं, आता प्रत्यक्ष रस्ता. बीआरएनएस म्हणजे बोर्ड ऑफ रिसर्च इन न्यूक्लियर सायन्सेस, तिथून बाहेरच्या संस्थांना प्रोजेक्ट मिळतात. त्यात तुम्ही प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर आणि अणुऊर्जा खात्यातला एक शास्त्रज्ञ प्रिन्सिपल कोलॅबोरेटर. हा दुसरा माणूस आधी शोधायचा, प्रपोजल नंतर. कसा शोधायचा तर त्यांचे गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर खरोखर वाचायचे आणि त्यातली एखादी अर्धवट राहिलेली गोष्ट पकडायची. दुसरा रस्ता यूजीसी-डीएई सीएसआरचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा खात्याच्या सामायिक संशोधन संस्थेचा, इंदूर, मुंबई, कोलकाता, कल्पाक्कम अशी केंद्रं आहेत, मुंबईच्या केंद्रातून ध्रुवच्या न्यूट्रॉन बीमवर विद्यापीठाच्या लोकांना मोजमापं करता येतात. हायड्रोजनवाल्यांना न्यूट्रॉन सोन्यासारखे, कारण एक्स-रेला हायड्रोजन जवळपास दिसतच नाही आणि न्यूट्रॉनला चांगला दिसतो, ड्युटेरियम घातलं तर आणखी स्पष्ट.

आमच्या बाजूने पेपर पाठवण्याआधी आतली मंजुरी लागते, त्याला वेळ जातो, त्यामुळे मुलाचा पीएचडीचा सबमिशन तोंडावर असताना धावपळ करू नका, सहा महिने हाताशी ठेवा. लेखकांची नावं आणि क्रम पहिल्याच बैठकीत बोलून घ्या, ईमेलवर लिहून घ्या, संकोच वाटला तरी. आणि पैशाचं म्हणाल तर तो हप्त्याहप्त्याने येतो, मागच्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट गेल्याशिवाय पुढचा नाही. एका प्रोजेक्टमध्ये, पुन्हा नाव घेत नाही, कॉलेजच्या ऑफिसातून ते सर्टिफिकेट आठ महिने निघालं नाही, जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्तीवरचा) मुलगा बिनपगारी थांबून थांबून शेवटी एका औषध कंपनीत निघून गेला. हुशार होता हो, त्याचं अजून वाईट वाटतं. तेव्हा तुमच्या अकाउंटवाल्या भाऊंना पहिल्या दिवशी सोबत घेऊन बसा, प्रोजेक्टचं वेगळं खातं उघडून घ्या.

पहिलं पत्र एका पानाचं पुरे. आम्हाला आपल्यासोबत काम करण्यात रस आहे, हे वाक्य त्यांना आठवड्याला दहा वेळा वाचायला मिळतं. त्यापेक्षा लिहा की तुमच्या अमुक पेपरमध्ये हा रेणू पाण्यात दोन दिवसांत मोडतो असं दिलंय, आम्ही त्याच्या जवळचे तीन करून पाहिलेत, सोबत एनएमआर जोडलाय, तुम्ही लेबलिंग करून बघाल का. असं पत्र कुणी बाजूला टाकत नाही.

पालकांचं. त्यांची भीती खरी असते, तिला हसू नका. कोल्ड काम करणाऱ्या मुलाला किरणोत्सर्गाचा काही संबंध येत नाही, हे आधी सांगा. पुढे कॉलेजातच किरणोत्सारी पदार्थ आणायचा असेल तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, प्रशिक्षित सेफ्टी ऑफिसर, वेगळी खोली, सगळं लागतं, आणि माझं मत विचाराल तर पहिली पाच वर्षं त्या वाटेला जाऊच नका. मुलं ट्रॉम्बेला येऊन हॉट लॅबमध्ये उभी राहिली तर छातीवर अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा टीएलडी बॅज असतो, तो ठराविक काळाने तपासला जातो. कामगारांना मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक), सामान्य माणसाला १, आणि जमीन, आकाश, श्वासातली हवा यांच्याकडून जगात सरासरी २.४ प्रत्येकालाच मिळत असतात. हे आकडे सांगून पालकांचं समाधान होतंच असं नाही. शक्य झालं तर रीतसर परवानगी काढून एखाद्या आईला किंवा वडिलांना सोबत आणा, आम्ही मुलीला गेटवर हात-पाय मोजणाऱ्या मॉनिटरवर उभं करतो, हिरवा दिवा लागतो, मगच ती बाहेर पडते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.